शेफील्डचा घण की टेपची पट्टी? कॅबरे व्होल्टेअरचा आवाज येतो कुठून

धोटा | शुक्रवार, रात्री १०:१२

मंडळी, संगीत विभागात धागा काढतोय खरा, पण ह्याला संगीत म्हणायचं का, यावरच पहिले दहा प्रतिसाद जाणार याची कल्पना आहे. पॉपकॉर्न घेऊन बसणाऱ्यांचं स्वागत.

मी मूळचा इचलकरंजीचा. घराच्या मागच्या भिंतीला लागून काकांचा यंत्रमागांचा कारखाना. माग चालू असले की आम्हाला झोप लागायची आणि लाइट गेली की सगळं घर दचकून जागं व्हायचं. पाहुणे मात्र रात्रभर तळमळायचे.

पुण्यात हॉस्टेलवर असताना एका सीनियरच्या हार्ड डिस्कवर 'नॅग नॅग नॅग' सापडलं. १९७९ चं गाणं. खाली एक फुटकळ रिदम बॉक्स टकटकतोय, त्यावर करवतीसारखी गिटार, आणि गाणारा माणूस ट्रंक कॉलवर भांडल्यासारखा ओरडतोय. रूममेट म्हणाला, स्पीकर फाटलाय. मी मात्र ते लागोपाठ चार वेळा ऐकलं आणि मला चक्क झोप यायला लागली. घरी आल्यासारखं वाटलं, राव!

बँडचं नाव कॅबरे व्होल्टेअर. गाव इंग्लंडमधलं शेफील्ड, सुरुवात १९७३. तिघं जण: स्टीफन मॅलिंडर (बास आणि आवाज), रिचर्ड कर्क (गिटार, क्लॅरिनेट आणि हाताला लागेल ते) आणि ख्रिस वॉटसन (टेप, ऑर्गन, सिंथेसायझर). १९१६ मध्ये झुरिकला दादावाद्यांनी (कलेचे रूढ नियम मोडणारे कलाकार) काढलेल्या अड्ड्याचं नाव त्यांनी उचललं. तिघांपैकी कोणीही शिकलेला वादक नव्हता, आणि ते हे अभिमानानं सांगायचे.

पहिला जाहीर कार्यक्रम मे १९७५ मध्ये, शेफील्ड विद्यापीठात. आयोजकांना वाटलं होतं, पोरं रॉक वाजवतील, लोक नाचतील. ह्यांनी ड्रम्सच्या जागी वाफेच्या घणाचा आवाज टेपवर फिरवत ठेवला आणि कर्क अंगावर दिव्यांची माळ घालून क्लॅरिनेट फुंकत उभा. लोक स्टेजवर चढले, मारामारी झाली, मॅलिंडर पाठीच्या हाडाला इजा होऊन दवाखान्यात.

माझी थिअरी साधी आहे. शेफील्ड म्हणजे पोलादाचं गाव, रात्री घणांचे ठोके ऐकत झोपणारं. त्यामुळे ह्यांच्या डोक्यात जो ताल बसला तो घणाचा. जसा माझ्या डोक्यात मागाचा. पटतंय का?

---

बेसूर_बंड्या | शुक्रवार, रात्री १०:४०

ऐकलं. अर्ध्यावर सोडलं. रूममेटशी सहमत. आयोजकांशीपण.

---

कोकणकडा | शुक्रवार, रात्री ११:०५

+१ बंड्या. पण दिव्यांच्या माळेबद्दल वाचून गणपतीच्या डेकोरेशनची तयारी आठवली, त्याबद्दल धाग्याला एक गुण.

---

डॉन_नदीकाठी | शनिवार, पहाटे ३:२०

धोटा, मी गेली नऊ वर्षं शेफील्डमध्येच आहे, म्हणून बोलण्याचा हक्क सांगते.

घणांचं खरं आहे. इथली साठी-सत्तरीतली माणसं अजून सांगतात की रात्री वारा पडला की पूर्वेकडच्या कारखान्यांतले ठोके टेकड्यांवरच्या घरांपर्यंत यायचे. केलहॅम आयलंडच्या संग्रहालयात १९०५ सालचं 'रिव्हर डॉन' इंजिन आहे, १२,००० हॉर्सपॉवरचं, चिलखती पत्रे लाटायला बांधलेलं. ते अजून वाफेवर चालवून दाखवतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मुलाचा हात घट्ट धरला होता. कानाच्या आधी पोटात कळतं, की काहीतरी प्रचंड हलतंय.

पण तुमची थिअरी मला पटत नाही. जो कॉकर ह्याच गावचा. तोही तेच घण ऐकत वाढला. त्याच्या गाण्यात घण आहे का कुठे? डेफ लेपर्ड इथलेच, आणि तेही १९७७ मधले, म्हणजे कॅब्जच्याच (कॅबरे व्होल्टेअरला इथे लाडानं असं म्हणतात) काळातले. त्यांच्यात आहेत लांब केस आणि लांब गिटार सोलो. घणानं बँड होत असता तर सगळं शेफील्ड एकाच आवाजात गायलं असतं.

शिवाय हे तिघं काही भट्टीवरचे कामगार नव्हते. वॉटसन टेलिफोन खात्यात इंजिनिअर होता. घरी पोटमाळ्यावर टेप रेकॉर्डर लावून तिघं आठवड्यातून ठरलेल्या दिवशी बसायचे, ऑफिस सुटल्यावर. भजनी मंडळासारखं!

---

धोटा | शनिवार, सकाळी ८:०२

जो कॉकरचा मुद्दा बिनतोड आहे ताई. माझ्या थिअरीची विकेट पहिल्याच ओव्हरला. पण मग कारण काय? कारण त्या आवाजात यंत्र आहे, हे तर बहिऱ्यालाही कळेल.

---

जुनी_पट्टी | शनिवार, दुपारी १:३०

नमस्कार. मी सहसा फक्त वाचतो. पण धाग्यात टेपचा उल्लेख आला आणि राहवलं नाही. माझी पस्तीस वर्षं नभोवाणीत, त्यातली पंचवीस टेप कापण्यात गेली.

धोटाराव, तुम्ही लिहिलंत की त्यांनी घणाचा आवाज "फिरवत ठेवला". सगळी गोष्ट त्या दोन शब्दांत आहे आणि तुम्ही त्यावरून घाईघाईनं पुढे गेलात.

पाव इंच रुंदीची टेप. यंत्रावरून ती सेकंदाला साडेसात इंच पळते, म्हणजे १९ सेंटिमीटर. घणाचा एक ठोका आणि त्यानंतरची शांतता मिळून एक सेकंद हवा असेल तर १९ सेंटिमीटरची पट्टी कापायची. आवाज सुरू होतो ती जागा हातानं रीळ मागेपुढे करून शोधायची. हेडवरून टेप हळू सरकवली की घणसुद्धा म्हशीसारखा हंबरतो. मग पिवळ्या मेणपेन्सिलीनं खूण, पितळी खाचेत टेप बसवायची, ब्लेडनं तिरका छेद. तिरका अशासाठी की सरळ कापलं तर सांध्यावर 'टक' ऐकू येतं. दोन्ही टोकं जोडली की झाली माळ. ती लोंबू नये म्हणून एखाद्या पेन्सिलीवरून किंवा बाटलीवरून ताणून घ्यायची आणि यंत्र सुरू.

आता गंमत बघा. कारखान्यातला घण दर ठोक्याला वेगळा पडतो. लोखंड पातळ होतं, थंड होतं, कामगार जरा दम खातो. टेपवरचा घण मात्र दर वेळी तोच. तोच ठोका, तोच लोखंडाचा तुकडा, मागून ओरडलेला तोच माणूस. जगात कुठल्याही कारखान्यात असा आवाज होत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की त्या हॉलमध्ये लोकांनी शेफील्डचा घण ऐकलाच नाही. घणाची पट्टी ऐकली.

हे मला कसं कळलं ते सांगतो. आमच्याकडे एका कीर्तनकारबुवांचं ध्वनिमुद्रण होतं, बुवांना खोकला. पंचवीस मिनिटांत सोळा खोकले. ते कापून मी टेबलाच्या कडेला ओळीनं चिकटवून ठेवले होते, म्हणजे चुकून शब्द गेला असेल तर परत जोडता येतो. काम संपलं, रात्र झाली होती, बाहेर पाऊस. काय डोक्यात आलं, तीन खोकले जोडून माळ केली आणि लावली. पहिल्या दोन-चार फेऱ्या हसू आलं. दहाव्या फेरीला तो खोकला राहिला नव्हता. कोणीतरी लाकूड फोडतंय असं वाटायला लागलं. विसाव्या फेरीला जरा भीती वाटली आणि मी यंत्र बंद केलं. बुवांना हे कधी सांगितलं नाही.

तुमच्या बँडनं तो खोकला बंद केला नाही, एवढाच फरक.

---

कोकणकडा | शनिवार, दुपारी १:५२

काका, दंडवत. ह्या एका प्रतिसादासाठी धागा वसूल. "सोळा खोकले" नावाचा बँड काढायला हरकत नाही.

---

धोटा | शनिवार, दुपारी ४:१५

काका, तुम्ही किल्ली हातात दिलीत. ख्रिस वॉटसनकडे आता ह्या बाजूनं बघतोय आणि सगळं जुळतंय.

लहानपणी त्याला आईवडिलांनी टेप रेकॉर्डर दिला होता. घराच्या खिडकीतून पक्ष्यांना दाणे ठेवायचं टेबल दिसायचं, पण काचेमुळे ऐकू काही यायचं नाही. पोरानं रेकॉर्डर उचलून टेबलावर नेऊन ठेवला आणि आत येऊन बसला. पक्षी आले, टिपून गेले. नंतर टेप लावली तर चोचींचा आवाज. माणूस तिथे असताना जो आवाज कधीच झाला नसता, तो.

१९८१ मध्ये तो बँड सोडून टाइन टीज टेलिव्हिजनमध्ये ध्वनिमुद्रक म्हणून गेला, आणि पुढे थेट रानात. डेव्हिड अॅटनबरोंच्या बीबीसीवरच्या निसर्गमालिकांसाठी त्यानं आवाज टिपलेत. १९९८ च्या त्याच्या अल्बमवर केनियातली गिधाडं झेब्र्याचं मढं खाताना ऐकू येतात. त्यासाठी मायक्रोफोन मढ्याच्या बरगड्यांत लपवला होता. डोळे मिटून ऐकलंत आणि कुणी सांगितलं नाही, तर पैजेवर सांगतो, तुम्ही म्हणाल हे कॅबरे व्होल्टेअरचंच राहून गेलेलं रेकॉर्डिंग आहे.

म्हणजे पक्ष्यांचं टेबल, घण, गिधाडं. यंत्राचा काही संबंधच नाही. हा सिंथेसायझरवाला बँड म्हणून ओळखला जातो, पण आहे टेप रेकॉर्डरवाला बँड.

---

दोनशेवीस_ओम | शनिवार, संध्याकाळी ६:४४

थांबा थांबा. सिंथेसायझरला इतक्या सहज बाहेर काढू नका.

वॉटसनकडे ईएमएस कंपनीचा सिंथी एकेएस होता. लंडनचं यंत्र, १९७२ मध्ये बाजारात आलं, सुटकेसमध्ये मावणारं. त्यात वायरी नाहीत. बुद्धिबळाच्या पटासारखा चौकोन, आडव्या १६ रांगा, उभ्या १६. ज्या घरात खुंटी खोचाल तिथे एक गोष्ट दुसरीला जोडली जाते. खुंटी एक घर चुकली की भलताच आवाज, आणि बहुतेकदा तोच जास्त बरा असतो.

त्या पेटीत रिंग मॉड्युलेटर नावाचा भाग आहे. आत दोन आवाज सोडा, बाहेर दोघांची बेरीज आणि वजाबाकी येते, मूळचे दोन गायब. माणूस २०० हर्ट्झवर बोलतोय आणि यंत्रात ३० हर्ट्झची घरघर आहे, तर बाहेर २३० आणि १७०. बोलणाऱ्याचा सूर जातो, शब्द राहतात. बीबीसीच्या 'डॉक्टर हू' मालिकेतले डॅलेक नावाचे खलनायक ह्याच युक्तीनं बोलतात. मॅलिंडरचा आवाज असा यंत्रातून पिळून काढलेला आहे म्हणून तो "ट्रंक कॉल" वाटतो. गाणारा ह्यात भाव आणायला गेला तरी येणार नाही.

हा परिणाम कात्रीनं होत नाही, काका.

---

जुनी_पट्टी | शनिवार, संध्याकाळी ७:३०

मान्य. कात्रीनं नव्हे, आम्हीही ब्लेडच वापरायचो :)

---

तिहाई | शनिवार, रात्री ९:१८

तबला वाजवतो, म्हणून ह्या सगळ्याकडे जरा वेगळ्या कानानं बघतोय.

'नॅग नॅग नॅग' ऐकलं, मग पहिला अल्बम 'मिक्स-अप' ऐकला (तोही १९७९). लय आहे, आणि पक्की आहे. पण सम, म्हणजे आवर्तनाची पहिली, वजनदार मात्रा, नाही. मी वीस मिनिटं मांडीवर हात ठेवून सम शोधत होतो. सापडत नाही कारण ती नाहीच. खाली नाही, भरी नाही, प्रत्येक मात्रा दुसरीइतकीच महत्त्वाची. आपल्याकडे तबल्याच्या रियाजाला लेहरा, म्हणजे परत परत वाजणारी एक छोटी धून, लावतात, तोही गोल फिरतो, पण लेहऱ्याला उतार असतो, तो तुम्हाला समेवर आणून सोडतो. ह्यांची माळ कुठेच आणून सोडत नाही.

तो टकटक रिदम बॉक्स म्हणजे घरगुती ऑर्गनबरोबर साथीला मिळणारी पेटी. वॉल्ट्झ, बोसानोव्हा अशी बटणं असतात. आमच्या क्लासमधल्या तालमालेची (विजेवरचा तबला) लांबची मावशी. सभ्य घरात संध्याकाळी आजींनी वाजवायची वस्तू ह्यांनी गिटारचा आवाज खरखरीत करणाऱ्या फझ पेडलशेजारी आणून बसवली.

बेसूर_बंड्या, गंमत अशी की बेसूर ते नाहीतच. बिनसमेचे आहेत.

---

बेसूर_बंड्या | शनिवार, रात्री ९:३१

माझ्या आयडीवर घसरू नका.

---

सायन_पनवेल | शनिवार, रात्री ११:००

एवढ्या लांब कशाला जायचं? आपल्या मुंबईत चरणजित सिंगांनी १९८२ मध्येच रोलंड कंपनीच्या ८०८ (ड्रम मशीन) आणि ३०३ (बास सिंथेसायझर) वर दहा राग वाजवले होते. त्याबद्दल कोणी धागा काढत नाही.

---

दोनशेवीस_ओम | शनिवार, रात्री ११:२०

काढा की, पहिला प्रतिसाद माझा. पण तो मामला उलटा आहे. चरणजित सिंग हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत मुरलेला माणूस. नवी यंत्रं आणली आणि त्यांच्याकडून राग गाऊन घेतला, तोही स्वच्छ. कॅब्जना यंत्राकडून काहीच गाऊन घ्यायचं नव्हतं. दोन्हीकडे यंत्र आहे म्हणून एका पंगतीत बसवू नये. (अवांतर पुरे, नाहीतर धाग्याचं काश्मीर होईल.)

---

डॉन_नदीकाठी | रविवार, पहाटे २:१०

घणाची बाजू मी पाडली, आता मीच थोडी उचलते.

त्यांचा स्टुडिओ 'वेस्टर्न वर्क्स'. गावातल्या एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत. उद्योग बसत चालले होते, त्यामुळे अशा रिकाम्या जागा स्वस्तात भाड्यानं मिळायच्या. इथल्याच ह्यूमन लीग बँडवाल्यांनीही पहिली टेप अशाच एका पडक्या कारखान्यातल्या खोलीत केली. म्हणजे शेफील्डनं ह्या पोरांना काही दिलं असेल तर ते चालू घणांनी नाही, बंद पडलेल्यांनी. रात्रभर आवाज करा, तक्रार करायला शेजारीच नाहीत.

आणि स्वतःची जागा असणं फार मोठी गोष्ट होती. रफ ट्रेड ह्या रेकॉर्ड कंपनीनं चार ट्रॅकचा टेप रेकॉर्डर घ्यायला मदत केली. तासावर पैसे मोजायला लावणाऱ्या स्टुडिओत कोणी अर्धा तास एकच माळ फिरवत बसेल का? १९८० मध्ये न्यू ऑर्डर हा बँडसुद्धा, त्यांचा आधीचा गायक इयान कर्टिस वारल्यानंतर चाचपडत असताना, इथेच येऊन रेकॉर्डिंग करून गेले.

आणखी एक. रेगेचा डब. माळ फिरत असताना मध्येच सगळं काढून फक्त बास ठेवायचा, ही युक्ती जमैकातल्या किंग्स्टनहून आली, भट्टीतून नाही. मॅलिंडरचा बास नुसता वेगळा काढून ऐका. वरचा गोंधळ बाजूला केला तर खाली कंबर हलते.

---

तिहाई | रविवार, सकाळी ९:४०

ताई, बरोबर. कंबर हलते हे मी काल मान्य करायला लाजत होतो.

कुठून सुरुवात करावी? सगळं ऐकणं होणार नाही.

---

धोटा | रविवार, सकाळी ११:२५

माझ्या मते १९८१ चा 'रेड मेक्का', मग बाकीचं. सुरुवातीला आणि शेवटी हेन्री मॅन्सिनीनं 'टच ऑफ इव्हिल' ह्या सिनेमाला दिलेलं संगीत त्यांनी मोडूनतोडून वापरलंय. मधे दहा मिनिटांच्या वरचं 'अ थाउजंड वेज'. दिवसा ऐकू नका, दिवे घालवून ऐका. १९७९ मध्ये अमेरिकेत दौऱ्यावर असताना त्यांनी तिथल्या टीव्हीवर धर्माच्या नावानं पैसे मागणारे प्रवचनकार बघितले आणि चक्रावले. त्यातल्याच जीन स्कॉट नावाच्या प्रवचनकाराचा आवाज कापून 'स्लगिन फर जीझस' केलं. तो माणूस पैसे मागतोय, परत मागतोय, चिडून मागतोय. जुनी_पट्टी काकांच्या बुवांचा खोकला, पण डॉलरमध्ये.

वॉटसन गेल्यावरचं, 'द क्रॅकडाउन' (१९८३) वगैरे, नाचायला उत्तम आहे. माझ्या कानाला त्यात कडा घासून गुळगुळीत केल्यासारख्या वाटतात.

---

डॉन_नदीकाठी | रविवार, दुपारी ३:०५

असहमत, आणि जोरदार. 'क्रॅकडाउन'मध्ये पहिल्यांदा बाकीची वाद्यं मॅलिंडरच्या आवाजाला वाट देतात, तो कुजबुजला तरी ऐकू येतो. ओरडण्यापेक्षा ते जास्त भीतीदायक आहे. आणि कर्क थांबला कुठे? १९९० मध्ये ह्याच गावात स्वीट एक्झॉर्सिस्ट नावानं 'टेस्टोन' काढलं त्यानं, वॉर्प कंपनीच्या अगदी सुरुवातीच्या रेकॉर्डपैकी एक. नुसते बीप आणि पोटात जाणारा बास. २०२१ मध्ये गेला तोपर्यंत तो काम करतच होता. तुम्ही वॉटसनच्या प्रेमात पडलाय म्हणून दुसऱ्याला गुळगुळीत म्हणू नका.

---

धोटा | रविवार, दुपारी ३:४०

कान धरले ताई. परत ऐकतो.

---

जुनी_पट्टी | रविवार, संध्याकाळी ५:१५

धोटाराव, वाद पुरे. तुमच्या घरामागे माग आहेत ना अजून? मोबाइलवर एक मिनिट टिपा. त्यातला एक सेकंद कापून माळ करा. आता ब्लेड लागत नाही, एवढाच तोटा.

---

धोटा | पुढचा रविवार, रात्री ८:५०

काका, केलं. राखीपौर्णिमेला गावी आलोय.

काकांच्या बारापैकी चारच माग चालू आहेत. साधे, धोट्याचे (धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा), मिनिटाला दीडशेच्या आसपास फेरे. मोबाइल सुती चिंध्यांवर ठेवला, नाहीतर थरथरीनं सरकत जात होता. मिनिटभर टिपलं, घरी येऊन लॅपटॉपवर बरोबर एक सेकंद कापला, टोकं जोडली, लावलं. दहाव्या फेरीला तो आवाज मागाचा राहिला नाही. विसाव्या फेरीला, काका, तुमच्याचसारखं झालं. वरच्या खोलीत एकटाच होतो, खाली जाऊन बसलो.

मग ते आमच्या जॉबरमामांना ऐकवलं. मामा चाळीस वर्षं माग दुरुस्त करतायत, कानावर हात ठेवून सांगतात कुठल्या मागाचं काय दुखतंय. मी फक्त विचारलं, हा आवाज कसला? त्यांनी फोन कानाला लावला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "धोटा अडकतोय बघ. दोनदा नीट जातोय, तिसऱ्यांदा अर्ध्यातनंच परत येतोय. कुठला माग हा? बंद कर आधी, नायतर धोटा उडून कुणाचा तरी डोळा घेईल."

मिनिटाला दीडशे म्हणजे सेकंदाला अडीच फेरे. मी सेकंद कापला आणि अर्धा धोटा कापला गेला. मला तो ताल वाटत होता.

मामांना सांगितलं की माग ठीक आहेत, हे मी केलंय. त्यांनी फोन परत दिला आणि उठून चारही माग बघून आले.

मग 'नॅग नॅग नॅग' लावलं. गिटार, ओरडणं ह्याकडे त्यांनी लक्षच दिलं नाही. मिनिटभर ऐकून रिदम बॉक्सबद्दल म्हणाले, "ह्याचं तेलपाणी चांगलंय."